बँकेची पारख

आपल्या भाषेत 'पत' ह्या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत; एक अब्रू आणि दुसरा उसने मिळण्याची योग्यता. 'त्याची पत गेली' असे म्हटले म्हणजे गावात त्याला कोणी विचारीत नाही व बाजारात त्याला कोणी पैसा देत नाही, ह्या दोन्ही गोष्टी एकदमच सांगितल्या जातात. ह्या दुहेरी अर्थामुळेच आपल्या घरांतून एक चमत्कारिक गैरसमज रूढ होऊन बसला आहे. बँकेने कर्जाचा अर्ज नाकारला की, तो केवळ पैशाचा नकार आहे असे कोणी मानीत नाही. चार पिढ्यांच्या लौकिकास कोणी बोट लावले, असेच वडील मंडळींस वाटू लागते. उलट पक्षी, बँकेने अर्ज मंजूर केला म्हणजे तो जणू कुळाच्या थोरवीचा दाखलाच, अशा समजुतीने वाटेल तेवढी रक्कम डोक्यावर घेण्यास तरुण मंडळी तयार होतात. हे दोन्ही समज सारखेच घातक आहेत. बँक कर्ज देते ती कोणत्या हिशेबाने देते, हे नीट समजून घेतले तर हे दोन्ही दोष टळण्याजोगे आहेत, म्हणून ह्या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. एकत्र कुटुंबाचे बँकेशी नाते एकपदरी नसते. ज्या घरात थोरल्या चिरंजिवांस धंद्यासाठी कर्ज मिळत नाही म्हणून त्रागा चाललेला असतो, त्याच घरातील आजीबाईंची मुदतठेव त्याच बँकेत असते. काकांच्या निवृत्तीची सारी पुंजी तेथेच असते. आणि धाकट्या सुनेच्या पगाराचे खातेही तेथेच असते. म्हणजे हे घर बँकेचे ऋणको होऊ पाहते आहे त्याच वेळी ते तिचे धनकोही आहे. बँकेने सढळ हाताने कर्जे वाटावीत असे चिरंजिवांस वाटते. परंतु त्याच सढळपणाने शेजारच्या नादान माणसास आजीबाईंचे पैसे दिले गेले तर ते घर काय म्हणेल? बँकेचा विवेक म्हणजे ह्या दोन मागण्यांमधला न्यायनिवाडा होय.

बँक जे पैसे कर्जाऊ देते ते बहुतांशी तिचे स्वतःचे नसतातच. समजा, एका बँकेने ठेवीदारांस शेकडा साडेसहा रुपये व्याज दिले व कर्जदारांकडून शेकडा साडेनऊ रुपये घेतले. मधले तीन रुपये हा तिचा नफा असे वरवर दिसते. परंतु त्यांतून नोकरांचे पगार, जागेचे भाडे, यंत्रसामग्री, सरकारचा कर हे सर्व भागविल्यावर शंभरास एक रुपया उरला तर कारभार चांगला चालला असे म्हणावयाचे. आता एक लाख रुपयांचे एकच कर्ज समूळ बुडाले अशी कल्पना करा. ते भरून काढण्यास तेवढ्याच रकमेच्या शंभर चोख कर्जांचा वर्षभराचा नफा खर्ची पडतो! किराणा दुकानदाराचा एक नारळ नासका निघाला तर पुढील पाचसहा नारळांत त्याची भरपाई होते. बँकेस तसे करता येत नाही. तिचा नफा अगदी पातळ आणि नुकसान मात्र जाडजूड. कर्ज देणाराच्या नजरेत जो एक प्रकारचा कायमचा संशय दिसतो त्याचे मूळ ह्या साध्या त्रैराशिकात आहे, दुष्टपणात नाही.

हे त्रैराशिक विसरले म्हणजे काय होते, ह्याचे जितके ढळढळीत उदाहरण मुंबई शहराने पाहिले आहे तितके क्वचितच कोणी पाहिले असेल. १८४० साली स्थापन झालेली 'बँक ऑफ बॉम्बे' ही सरकारचे भाग असलेली प्रतिष्ठित पेढी होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडातील गिरण्यांस मिळेनासा झाला आणि आपल्याकडील कापसास सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या, कर्जे देणाऱ्या मंडळ्या, नवनव्या बँका ह्यांचे भाग छापील किमतीच्या कित्येक पटींनी विकले जाऊ लागले. अशा वेळी, म्हणजे १८६३ साली, नव्या कायद्याने ह्या बँकेवरील जुनी बंधने सैल करण्यात आली व कंपन्यांच्या भागांवर कर्ज देण्याची तिला मुभा मिळाली. ज्या भागांचे मोल केवळ उसळत्या आशेवर अवलंबून होते, तेच भाग तारण म्हणून पेटीत पडू लागले. आणि त्यांवर दिलेल्या पैशाने लोक आणखी भाग खरेदी करू लागले. ह्या सट्ट्याचे सूत्रधार प्रेमचंद रायचंद ह्यांचा बँकेच्या कारभारावर मोठा पगडा होता, हे पुढे उघड झाले.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. कापूस उतरला. १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे सौदे पुरे करण्याचा दिवस आला तेव्हा देणारे पुष्कळ व पैसे कोणाकडेच नाहीत, अशी स्थिती झाली. तारणाच्या पेटीतील कागद हे केवळ कागदच ठरले. ज्या बँकेच्या एका भागास २,८५० रुपयांपर्यंत भाव आला होता, त्याच भागास पुढे ८७ रुपयेच येऊ लागले असे सांगतात. आणि १८६८ साली ती जुनी बँक गुंडाळावी लागली. तिच्या जागी त्याच नावाची नवी बँक उभी राहिली, तीच पुढे १९२१ साली इंपीरियल बँकेत व १९५५ साली स्टेट बँकेत विलीन झाली. जुन्या बँकेच्या नाशाची चौकशी करण्यास सर चार्ल्स जॅक्सन ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. त्याने जी कारणे दिली त्यांत सैल झालेला कायदा, चिटणिसांनी केलेला अधिकाराचा दुरुपयोग, संचालकांची हयगय आणि तो अपूर्व काळ, ही प्रमुख आहेत. दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी बुडालेल्या कोणत्याही बँकेच्या कहाणीत ह्यांतील दोनतीन कारणे तरी हमखास सापडतात.

आता बँक अर्जदाराची पारख कशी करते ते पाहू. जुन्या काळी सावकारास अर्ज घ्यावा लागत नसे. कुळाची जमीन किती, विहिरीस पाणी किती, घरात खाणारी तोंडे किती व मुलगा कोणत्या नादास लागला आहे, हे सारे त्यास पाठ असे. त्या व्यवस्थेत ज्ञान भरपूर होते, परंतु दया व स्पर्धा ही दोन्ही कमी होती. म्हणून तर पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी १८७५ साली सावकारांची खतपत्रे जाळली, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारास निराळा कायदा करावा लागला. पुढे १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, त्याच्या मुळाशीही हाच विचार होता की, सावकाराचे ज्ञान गावाजवळच राहावे, मात्र त्याचा लोभ जावा. बँकेची अडचण नेमकी उलटी असते. तिचा व्याजाचा दर मर्यादित असतो, परंतु समोरच्या मनुष्याविषयी तिला काहीच ठाऊक नसते. मग जे सावकारास डोळ्यांनी दिसे ते बँकेस कागदांतून वाचावे लागते. पगाराचे दाखले, कर भरल्याची पत्रके, खात्याचे उतारे, घराचे दस्त ही सारी भेंडोळी म्हणजे बँकेचा चष्मा आहे. तो चढविल्यावाचून तिला दिसत नाही, ह्यात अपमान मानण्याजोगे काही नाही.

ह्या चष्म्यातून ती मुख्यतः पाच गोष्टी पाहते. पहिली, मनुष्याची नियत; म्हणजे पूर्वी घेतलेले त्याने वेळेवर फेडले काय? दुसरी, त्याची कुवत. म्हणजे फेडण्याइतके उत्पन्न नियमाने येते काय? तिसरी, त्याचे स्वतःचे भांडवल; म्हणजे ह्या व्यवहारात त्याचा स्वतःचा किती पैसा अडकला आहे? चौथी, तारण, आणि पाचवी, काळवेळ, म्हणजे त्या धंद्याची व एकंदर बाजाराची स्थिती. ह्यांत पहिले स्थान नियतीचे, असे जगातील मोठमोठ्या सावकारांनी सांगितले आहे. अमेरिकेतील प्रसिद्ध पेढीवाले जे. पी. मॉर्गन ह्यांस १९१२ साली तेथील कायदेमंडळाच्या समितीपुढे विचारण्यात आले की, कर्ज देताना तुम्ही मुख्यतः पैसा अथवा मालमत्ता पाहता ना? तेव्हा त्यांनी, त्या आधी चारित्र्य पाहतो, असे उत्तर दिले. समितीस ते खरे वाटले की नाही हा प्रश्न निराळा. परंतु बँकेच्या खुर्चीत बसलेल्या कोणाही अनुभवी गृहस्थास ते पटेल.

पुष्कळांची समजूत अशी की, तारण भरपूर असले म्हणजे कर्ज मिळालेच पाहिजे. 'एवढा वाडा गहाण टाकतो आहोत, आणखी ह्यांस काय हवे?' असा प्रश्न वारंवार ऐकू येतो. परंतु बँकेस वाडा नको असतो. वाडा ताब्यात घ्यावयाचा म्हणजे नोटिसा, वकील, लिलाव, भाऊबंदांचे दावे आणि शेवटी निम्म्या किमतीचा गिऱ्हाईक. २००२ सालच्या कायद्याने कोर्टात दावा न लावता तारणाचा ताबा घेण्याचा अधिकार बँकांस मिळाला खरा. तरीही शहाणी बँक तारणास आगबंबासारखे मानते. तो घरात असावा. परंतु तो आहे म्हणून कोणी स्वयंपाकघरात आग लावीत नाही. कर्ज फिटावयाचे ते उत्पन्नातून. तारण हे उत्पन्न आटल्यावरचे शेवटचे साधन. बँक ऑफ बॉम्बेने हा क्रम उलटा केला, एवढाच तिचा अपराध म्हटला तरी चालेल.

घरासाठी कर्ज मागणाऱ्या एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. पतिपत्नींचे मिळून मासिक उत्पन्न ८०,००० रुपये. त्यांस ३० लाख रुपये वीस वर्षांच्या मुदतीने साडेआठ टक्के व्याजाने हवे आहेत. ह्याचा मासिक हप्ता सुमारे २६,००० रुपये येतो, आणि वीस वर्षांत एकंदर सुमारे साडेबासष्ट लाख रुपये फेडावे लागतात. मोटारीचा आठ हजारांचा हप्ता आधीच चालू आहे. म्हणजे दोन्ही मिळून ३४,००० रुपये, उत्पन्नाच्या शेकडा साडेबेचाळीस. येथपर्यंत बहुतेक बँका मान डोलावतील. परंतु दक्ष अधिकारी आणखी एक प्रश्न विचारतो: व्याजाचा दर दोन टक्क्यांनी चढला तर? तेव्हा हप्ता जवळजवळ ३०,००० रुपये होतो व एकंदर भार उत्पन्नाच्या साडेसत्तेचाळीस टक्क्यांच्या घरात जातो. ही भीती काल्पनिक नव्हे. २०१९ च्या ऑक्टोबरपासून नव्या गृहकर्जांचे बदलते व्याज बाहेरच्या एखाद्या मानदंडाशी, बहुधा रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, जोडले गेले. आणि मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ ह्या दहा महिन्यांत तो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर चढला. ज्या कुटुंबांनी ओढाताणीने हप्ता बसविला होता, त्यांची मुदत अथवा हप्ता, एक तरी वाढलाच.

घराची सारी किंमत बँक कधीच देत नाही. कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर किमतीच्या नव्वद टक्के, ७५ लाखांपर्यंत असेल तर ऐंशी टक्के व त्यापुढे पंचाहत्तर टक्के, अशी रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा आहे. बाकीची रक्कम कर्जदाराने घालावयाची. ही अट जाचक वाटते. परंतु तिचे मर्म असे की, ज्याचे स्वतःचे काही अडकले आहे तो मनुष्य संकटात घर सोडून जात नाही, आणि घरांचे भाव थोडे उतरले तरी ठेवीदारास झळ लागत नाही.

धंद्याच्या कर्जाची परीक्षा ह्याहून सूक्ष्म असते. तेथे नफ्याचा आकडा पाहून भागत नाही. रोकड फिरते कशी हे पाहावे लागते. ताळेबंदात नफा झळकत असतो, परंतु माल गुदामात पडून असतो व उधारी गावभर पसरलेली असते. असा व्यापारी नफ्यात असूनही हप्त्याच्या दिवशी कफल्लक ठरतो. खेळत्या भांडवलाची गरज कशी मोजावी हे ठरविण्यास रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या टंडन समितीने १९७५ साली पद्धती घालून दिल्या. लहान धंद्यांस पुढे नायक समितीचा सोपा आडाखा लागू झाला: वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या चौथा हिस्सा ही गरज धरावी, त्यातील विक्रीच्या वीस टक्क्यांइतकी रक्कम बँकेने द्यावी व पाच टक्के धनी घालील. म्हणजे एक कोटीच्या विक्रीस पंचवीस लाखांची गरज, त्यापैकी वीस लाख बँकेचे व पाच लाख धन्याचे. ह्या कर्जास माल नजरगहाण असतो. माल दुकानदाराच्याच ताब्यात राहतो व त्याची यादी दरमहा बँकेस द्यावयाची असते. ती यादी खोटी देणे हा केवळ आळस नसून विश्वासघात होय, हे आपल्या तरुण व्यापाऱ्यांनी पक्के ध्यानात ठेवावे.

एकेका कर्जाची पारख झाली म्हणजे बँकेचे काम संपले असे नाही. सारी कर्जे मिळून काय चित्र होते, हे निराळेच पाहावे लागते. आपला शेतकरी एकाच पिकावर सर्व रान सोपवीत नाही. ज्वारीबरोबर तूर पेरतो, की एक गेले तर दुसरे हाताशी राहावे. बँकेनेही तसेच वागावयाचे असते, म्हणून एका कर्जदारास अथवा एका समूहास किती द्यावे ह्याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. त्याचप्रमाणे १९४९ च्या बँकिंग कायद्याने बँकेच्या संचालकांस त्याच बँकेचे कर्ज घेण्यास व बँकेस स्वतःच्याच भागांवर कर्ज देण्यास मनाई केली आहे. चांगल्या बँकेत गिऱ्हाईक आणणारा एक, अर्जाची छाननी करणारा दुसरा व मंजुरी देणारा तिसरा अशी विभागणी असते, तीही ह्याचसाठी की एकाच्या डोळ्यावरची झापड दुसऱ्याने दूर करावी.

हे नियम मोडले म्हणजे काय होते ते मुंबईनेच २०१९ साली पुन्हा पाहिले. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेची सत्तर टक्क्यांहून अधिक कर्जे एकाच बांधकाम समूहाकडे गुंतल्याचे उघडकीस आले. ती थकली असतानाही हजारो बनावट खात्यांआड ती दडविली गेल्याचे तपासात दिसून आले. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा ठेवीदारांस प्रथम केवळ एक हजार रुपये काढता येत होते. पुढे ती मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मधल्या काळात ज्या वृद्धांची औषधे, ज्या मुलींची लग्ने व ज्या मुलांची शिक्षणे अडली, त्यांचा हिशेब कोणत्याच ताळेबंदात सापडावयाचा नाही.

कर्ज दिल्यानंतरही पाळत ठेवावी लागते. हप्ता एक दिवस चुकला की ते खाते नजरेखाली येते. तीस व साठ दिवस उलटले की धोक्याची पायरी चढत जाते, आणि नव्वद दिवस ओलांडले म्हणजे ते 'अनुत्पादक' ठरते. नव्वद दिवसांचे हे माप मार्च २००४ पासून लागू आहे. पिकासाठी दिलेल्या कर्जास मात्र दिवसांऐवजी हंगाम मोजतात. असे कर्ज ठरले की त्यावरील न आलेले व्याज उत्पन्न म्हणून मांडता येत नाही व नुकसानीसाठी नफ्यातून तरतूद काढून ठेवावी लागते. थकबाकी जुनी होत गेली की ती तरतूदही वाढत जाते. शिवाय जोखमीच्या मानाने मोजलेल्या येण्यांच्या निदान नऊ टक्के भांडवल बँकेपाशी असावे लागते, की नुकसान आलेच तर प्रथम ते भागधारकांच्या अंगावर पडावे, ठेवीदारांच्या नव्हे.

तथापि मनुष्यस्वभाव असा की, आजार कबूल करण्यापेक्षा तो झाकणे सोपे वाटते. जुने कर्ज फेडण्यास त्याच कर्जदारास नवे कर्ज द्यावयाचे व खाते चोख दाखवावयाचे, ही युक्ती आपल्या बँकांत बराच काळ चालली. २०१५ साली रिझर्व्ह बँकेने साऱ्या मोठ्या बँकांची वही उघडून कसून तपासणी आरंभिली, तेव्हा झाकलेले बाहेर पडले. मार्च २०१८ मध्ये अशा थकलेल्या कर्जांचे प्रमाण अकरा टक्क्यांच्या वर गेले होते. पुढे वसुली, दिवाळखोरीचा २०१६ चा कायदा, मोठ्या रकमांची निर्लेखने व अधिक सावध कर्जवाटप ह्यांमुळे ते उतरत जाऊन मार्च २०२५ मध्ये २.३ टक्क्यांवर आले. मात्र निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. वहीतून आकडा काढला तरी ऋणकोचे देणे कायमच असते.

आता आमच्या वाचकांच्या घराशी ज्यांचा थेट संबंध येतो अशा दोन गोष्टी. पहिली गोष्ट पतगुणांची. २००० साली स्थापन झालेल्या 'सिबिल' ह्या संस्थेमुळे व २००५ च्या कायद्यामुळे प्रत्येक कर्जदाराचा परतफेडीचा इतिहास एकत्र नोंदला जातो व त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण दिले जातात. गावच्या सावकाराची स्मरणशक्ती आता यंत्रात उतरली आहे, आणि ती विसरत नाही. पाचशे रुपयांचे कार्डाचे बिल आळसाने राहिले तर त्याची नोंद पुढे घराच्या कर्जाच्या वेळी समोर येते. वर्षातून एकदा आपला अहवाल विनामूल्य पाहण्याचा हक्क प्रत्येकास आहे; तो घरातील प्रत्येक कमावत्या माणसाने बजावावा व चूक असल्यास दुरुस्त करून घ्यावी.

परंतु ह्या यंत्रास एक मोठा दोषही आहे. ज्याची नोंद नाही त्याला ते ओळखतच नाही. जी गृहिणी तीस वर्षे सारे घर काटकसरीने चालविते, वाण्याचे व दूधवाल्याचे एक पैसाही मागे ठेवीत नाही, तिच्या नावावर काहीच नसल्यामुळे यंत्राच्या लेखी ती निर्गुण निराकारच! ज्यांच्यापाशी ना दस्त ना दाखला अशा स्त्रियांचे बचतगट बँकांशी जोडण्याचा उपक्रम नाबार्डने १९९२ साली सुरू केला. तेथे कागदाची उणीव शेजारणींच्या परस्परओळखीने भरून निघाली. ह्यावरून असे दिसते की, पत कागदात नसते, ती वागणुकीत असते. कागद ही तिची केवळ सावली. सुशिक्षित घरांनीही आपल्या सुनांच्या व लेकींच्या नावे खाती व व्यवहार ठेवावेत, म्हणजे प्रसंगी त्यांस कोणाच्या सहीसाठी तिष्ठावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट जामिनकीची, आणि ही आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. 'नुसती सही तर करावयाची आहे' असे म्हणून भाचा, पुतण्या अथवा मित्राचा मुलगा कागद पुढे करतो व भिडेखातर वडील मंडळी सही करतात. १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, करारात उलट काही ठरले नसेल तर, जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. आधी ऋणकोस पकडा व मग माझ्याकडे या, असे जामिनास सामान्यतः म्हणता येत नाही. सहकर्जदार म्हणून सही केली तर ते कर्ज आपलेच झाले असे समजावे.

बापाचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य, असे आपल्या धर्मशास्त्राने मानले आणि न्यायालयांनीही ते दीर्घकाळ मानले. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून केलेल्या कर्जांसाठी, केवळ ह्या धर्मकर्तव्याच्या आधारावर मुलगा, नातू अथवा पणतू ह्यांच्यावर दावा चालत नाही. परंतु एवढ्यावरून निर्धास्त होऊ नये. मृताच्या मालमत्तेतून त्याचे कर्ज वसूल होतेच. आणि कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी कर्त्याने सामाईक मालमत्ता गहाण ठेवली तर ती इतरांसही बांधते. त्याच दुरुस्तीने मुलीही जन्मतः सहहिस्सेदार झाल्या आहेत. म्हणून वडिलोपार्जित घर तारण देण्यापूर्वी बँक बहिणींच्याही संमतीच्या सह्या मागते, त्यात राग मानण्याचे कारण नाही. उलट, बहिणींस न विचारता घर गहाण टाकू पाहणाऱ्या भावांपेक्षा बँकच त्या घटकेस अधिक कुटुंबवत्सल ठरते, असे म्हणावे लागेल.

मग सही करण्यापूर्वी घराने काय करावे? आमच्या मते बँकेचे पाच प्रश्न घराने स्वतःच, दिवाणखान्यात बसून, आपल्याच माणसास विचारावेत. पूर्वीची देणी त्याने वेळेवर फेडली काय? हप्ता कोणत्या उत्पन्नातून जाणार? त्याचे स्वतःचे किती अडकले आहे? सारे फसले तर काय विकावे लागेल, आणि त्यात कोणाकोणाचा हिस्सा आहे? व्याज दोन टक्क्यांनी चढले अथवा सहा महिने धंदा बसला, तर काय योजना आहे? ह्यांची उत्तरे जो मोकळेपणाने देतो त्यास घराने अवश्य पाठबळ द्यावे. जो 'तुमचा माझ्यावर विश्वास नाही काय?' एवढेच उत्तर देतो, त्याच्या कागदावर, तो कितीही जिवलग असला तरी, सही करू नये. झेपेल तेवढी मदत रोख द्यावी व ती परत येणार नाही असे धरूनच द्यावी. नाते टिकविण्याचा तोच सुरक्षित मार्ग आहे.

हेच प्रश्न ठेवीदार ह्या नात्याने बँकेसही लावावेत. १९६० साली पलाई सेंट्रल व लक्ष्मी ह्या बँका बुडाल्यानंतर, १९६२ साली ठेवींचा विमा सुरू झाला; तेव्हा तो १,५०० रुपयांपुरता होता, फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेतील एका ठेवीदारास व्याजासह पाच लाखांपर्यंत आहे. त्यापलीकडची रक्कम बँकेच्या पारखीच्याच भरवशावर असते. इतरांहून एक-दीड टक्का अधिक व्याज देऊ करणारी पेढी तो पैसा कोठून आणणार, हा विचार मनात आणावा. अधिक व्याज द्यावयाचे तर अधिक व्याज घेतले पाहिजे. आणि अधिक व्याज देण्यास बहुधा तोच तयार होतो, ज्यास इतर कोणी उभे करीत नाही. वार्षिक अहवालात थकलेल्या कर्जांचे प्रमाण व भांडवलाचा आकडा छापलेला असतो. तो वाचण्यास अर्धी घटका पुरते, आणि आजीबाईंच्या ठेवीसाठी घरातील एखाद्या पदवीधराने तेवढा वेळ काढणे अवघड नाही.

बँकेने सारासार विचार करून दिलेला नकार हा पुष्कळदा फुकट मिळालेला सल्ला असतो. तिने का नाही म्हटले हे शांतपणे विचारून घ्यावे, उणे असेल ते वर्ष-दोन वर्षांत भरून काढावे व पुन्हा जावे. ज्या घराने आपल्या माणसांस असे प्रश्न विचारण्याची व त्यांची खरी उत्तरे देण्याची सवय लावली, त्याची पत बँकेच्या शिक्क्यावर अवलंबून राहत नाही.